पीकविम्याचा खोटा दावा : तो कसा ओळखला जातो आणि त्याचा भार कोणावर पडतो

अलीकडे पीकविम्याच्या अर्जांची छाननी पूर्वीपेक्षा पुष्कळच काटेकोर होऊ लागली आहे. अर्ज बाद झाला, भरपाई कमी आली किंवा कंपनीचा माणूस बांधावर येऊन फोटो काढून गेला, की गावातील शेतकरी प्रथम ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास गाठतात आणि खुलासा विचारतात. अशा वेळी "वरून झाले असेल" एवढेच उत्तर देऊन भागत नाही. विमा कंपनी व शासन खोटा दावा कोणत्या खुणांवरून ओळखतात, चौकशी कोणत्या क्रमाने चालते आणि प्रामाणिक शेतकरी तीत अकारण कसा सापडतो, हे कार्यकर्त्यास नीट ठाऊक असले पाहिजे. ते या लेखात सांगावयाचे योजिले आहे.

प्रथम एका समजुतीचा विचार करू. "कंपनीचे पैसे गेले तर आपले काय बिघडले?" असे पुष्कळांस वाटते, चांगल्या, सचोटीच्या माणसांसही वाटते. परंतु पीकविम्याचे गणित पाहिले म्हणजे ही समजूत टिकत नाही.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरीपापासून सुरू झाली. तीत भरपाई एकेका शेतावरून न ठरता महसूल मंडळासारखा एक विभाग धरून ठरते. मागील सात वर्षांपैकी उत्तम अशा पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढून तीस जोखीमस्तराने गुणले, म्हणजे त्या मंडळाचे उंबरठा उत्पन्न मिळते. चालू हंगामाचे प्रत्यक्ष उत्पन्न या उंबरठ्याच्या जितके खाली येईल, त्या प्रमाणात विमा संरक्षित रकमेतून भरपाई मिळते. उदाहरणार्थ, एखाद्या मंडळात सोयाबीनचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल आहे आणि या वर्षी ते ९ क्विंटल भरले, असे समजू. तूट ३ क्विंटलांची, म्हणजे २५ टक्के झाली. संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असल्यास भरपाई हेक्टरी १२,५०० रुपये व्हावी.

आता याच मंडळात सोयाबीनची खरी पेरणी ८,००० हेक्टरांवर झाली, परंतु विमा मात्र १०,००० हेक्टरांचा उतरविला गेला, असे धरू. दोन हजार हेक्टर केवळ कागदावरचे आहेत. पेरणीपेक्षा विमा क्षेत्र अधिक दिसले तर भरपाई त्या प्रमाणात कमी करावी, अशी तरतूद योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तिला क्षेत्र सुधारणा गुणांक म्हणतात. ८,००० ला १०,००० ने भागले म्हणजे ०.८ येतात. मग ज्याने प्रत्यक्ष पेरले, निंदले, औषध मारले आणि ज्याचे पीक खरोखरच गेले, त्याच्याही हाती १२,५०० च्या जागी १०,००० रुपयेच पडतात. हेक्टरी अडीच हजार रुपये शेजाऱ्याच्या खोट्या अर्जाने खाल्ले. शिवाय हप्त्याचा मोठा भाग केंद्र व राज्य शासने भरतात, आणि दावे वाढले म्हणजे पुढील निविदेत हप्त्याचा दरही चढतो, ते वेगळेच.

विभागवार पद्धत का आली

आपल्या देशात आरंभी एकेका शेतकऱ्याचे नुकसान पाहून भरपाई देण्याचा प्रयोग झाला. १९७२ साली गुजरातेत एच-४ या संकरित कापसासाठी असा विमा सुरू झाला आणि पुढे तो महाराष्ट्रासह इतर काही राज्यांत व काही अन्य पिकांसही लागू झाला. १९७८-७९ पर्यंत तो चालला. एकूण ३,११० शेतकऱ्यांनी त्यात भाग घेतला. हप्त्यापोटी ४ लाख ५४ हजार रुपये जमा झाले आणि भरपाईपोटी ३७ लाख ८८ हजार रुपये द्यावे लागले. हे सारे दावे खोटे होते, असे मुळीच नव्हे. परंतु प्रत्येक शेतात जाऊन नुकसान किती, ते निसर्गाने झाले की हयगयीने, हे ठरविणे लहान लहान धारणांच्या देशात किती अवघड व खर्चाचे आहे, ते त्यावरून दिसून आले.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली विभागवार विम्याची कल्पना मांडली आणि तिच्या आधारे १९७९ साली प्रायोगिक योजना सुरू झाली. सर्व विभागाचे सरासरी उत्पन्न पाहून भरपाई द्यावयाची, म्हणजे एकट्या शेतकऱ्याने आपले पीक मुद्दाम बिघडू देण्यात किंवा नुकसान फुगवून सांगण्यात त्यास लाभच उरत नाही, हे या कल्पनेचे मर्म. चौकशीचा सर्वांत मोठा भाग अशा रीतीने योजनेच्या रचनेतच उरकला जातो. सरासरी काढण्यासाठी लागणारी पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय पद्धत त्यापूर्वीच, १९४० नंतरच्या दशकात, पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे यांनी बसविली होती. या कामात महाराष्ट्रीय विद्वानांचा असा मोठा वाटा आहे, ही गोष्ट आपल्या गावांत फारशी कोणास ठाऊक नसते.

नुकसान फुगविण्याची वाट अशी बंद झाली, तरी दुसऱ्या तीन वाटा उरल्या : जमीन नसता विमा उतरविणे, पेरले एक आणि दाखविले दुसरे असे करणे, आणि क्षेत्र वाढवून सांगणे. आजची बहुतेक चौकशी या तिहींभोवती फिरते.

महाराष्ट्रात २०२३ च्या खरीपापासून शेतकऱ्याने केवळ एक रुपया भरून विमा उतरवावा, अशी सवलत होती. हेतू चांगला होता आणि लाभ घेणारांची संख्याही फार वाढली. परंतु ज्यास स्वतःचे काही घालावे लागत नाही, त्यास खोटा अर्ज करताना गमावण्याचीही भीती राहत नाही. त्यातच सामुदायिक सेवा केंद्रास प्रत्येक अर्जामागे कंपनीकडून ४० रुपये मिळत असल्याने, अर्जांची संख्या वाढविण्यात काही केंद्रचालकांचाच स्वार्थ निर्माण झाला. पुढील चौकशांत बिगरशेती जमिनी, शासनाच्या मालकीच्या जमिनी व देवस्थानांच्या जमिनी यांवरही विमा उतरविल्याचे आढळले. काही ठिकाणी जमिनीच्या मालकास आपल्या गटावर दुसऱ्याने विमा काढल्याचा पत्ताही नव्हता. २०२५ च्या खरीपापासून ही सवलत बंद होऊन शेतकऱ्याचा वाटा पुन्हा खरीपास २ टक्के, रब्बीस दीड टक्का व नगदी पिकांस ५ टक्के असा झाला. त्याच वेळी शेतकरी ओळख क्रमांक व ई-पीक पाहणी सक्तीची करण्यात आली.

कागदावरची चाळणी

चौकशीची पहिली पायरी शेतात नसून संगणकात असते. आलेले अर्ज भूमि अभिलेखांशी ताडून पाहिले जातात. गट क्रमांक अस्तित्वात आहे काय, सात-बारावर अर्जदाराचे नाव आहे काय, विम्याचे क्षेत्र आठ-अ वरील क्षेत्राहून अधिक आहे काय, हे प्रश्न यंत्र क्षणात सोडविते. त्यानंतर अर्जांची एकमेकांशी तुलना होते. एकाच गटावर दोघांचे अर्ज, एकाच बँक खात्यावर किंवा एकाच मोबाईल क्रमांकावर भिन्न भिन्न गावांतील अनेकांचे अर्ज, एकाच केंद्रावरून दूरच्या जिल्ह्यातील जमिनींचे अर्ज, अशा खुणा आढळल्या की ते अर्ज बाजूस काढले जातात.

दुसरी एक खूण मंडळाच्या एकूण आकड्यांत दिसते. जेथे खरीपात कांदा क्वचितच होतो, अशा मंडळात एकदम शेकडो हेक्टर कांद्याचा विमा उतरला, तर आकडा स्वतःच बोलू लागतो. ज्या पिकाची संरक्षित रक्कम मोठी, त्या पिकाच्या नावाने खोटे अर्ज अधिक येतात. फळबागांच्या विम्यातही हाच अनुभव आला : बाग नसता किंवा झाडे फळावर येण्याच्या वयाची नसता विमा उतरविल्याचे प्रत्यक्ष पाहणीत उघड झाले.

ई-पीक पाहणी महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे. तीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाईलवरून पिकाचे छायाचित्र घेतो, आणि छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. विम्याच्या अर्जात एक पीक आणि पाहणीत दुसरे पीक निघाले, तर पाहणीवरील पीक प्रमाण मानले जाते व विमा रद्द होऊ शकतो. म्हणून ही नोंद म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूचा साक्षीदार आहे. तिचा आळस करू नये.

आकाशातून पाहणी

कागदावर संशय आला म्हणजे उपग्रहाच्या चित्रांचा आधार घेतला जातो. युरोपीय देशांच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे सर्वांस विनामूल्य मिळतात. ते साधारण पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात आणि त्यांच्या चित्रातील लहानात लहान चौकोन जमिनीवरील १० मीटर लांब व १० मीटर रुंद तुकड्याएवढा, म्हणजे १०० चौरस मीटरांचा असतो. आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा आहे; तेव्हा हा उपग्रह आपले शेत जवळजवळ गुंठ्यागुंठ्याने पाहतो, असे म्हणावयास हरकत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रे पुष्कळदा निकामी ठरतात. अशा वेळी सेंटिनेल-१ कामी येतो. तो रडारच्या लहरी पाठवीत असल्याने ढगांतूनही पाहू शकतो.

एका चित्रावरून मात्र पीक ओळखता येत नाही. पेरणीपासून काढणीपर्यंत शेताचा हिरवेपणा कसा चढला व कसा उतरला, हे पाहावे लागते. सोयाबीन काही आठवड्यांत जमीन झाकून टाकते आणि पक्व होताना पिवळे पडून पाने गाळते. कांद्याची पात उभी व विरळ. तिच्यातून माती दिसत राहते. उसाचा हिरवेपणा वर्षभर टिकतो. पडीक रानातही पावसाळ्यात गवत उगवते, पण पेरलेल्या शेताप्रमाणे ते ठराविक काळी एकदम काढले जात नाही. या फरकांवरून यंत्र अंदाज बांधते. तो अंदाजच असतो, हे विसरता कामा नये. तुरीचे आंतरपीक असलेले सोयाबीन, बांधालगतच्या झाडांची सावली पडलेले अर्ध्या एकराचे तुकडे, उशिरा झालेली दुबार पेरणी, अशा ठिकाणी यंत्र चुकते. म्हणूनच उपग्रहावरून संशयित ठरलेल्या शेताची जमिनीवर जाऊन पाहणी करणे अवश्य ठरते.

शेतावरील चौकशी

पाहणीस येणारा प्रतिनिधी पीक आहे की नाही एवढेच पाहून जात नाही; पीक निघून गेले असले तरी त्याच्या खुणा शोधतो. सोयाबीनची धसकटे, कापसाच्या पऱ्हाट्या, कांद्याचे वाफे व सुकलेली पात, ठिबकाच्या नळ्या, हे पुष्कळ सांगून जाते. नंतर प्रश्न येतात. रोप कोठून आणले? बियाण्याची पावती आहे काय? माल कोणत्या बाजार समितीत गेला, हिशेबपट्टी कोठे आहे? ज्याने पीक घेतले आहे, त्यास यांची उत्तरे आठवावी लागत नाहीत. ज्याने घेतले नाही, तो दुसऱ्याच प्रश्नास अडखळतो. शेजारच्या गटांतील शेतकऱ्यांचे म्हणणेही ऐकले जाते, आणि तलाठी (ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी जुनेच नाव आहे) व कृषि खात्याचे कर्मचारी यांच्यासह पंचनामा होतो.

हा पंचनामा लिहिताना ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याची खरी कसोटी लागते. अर्जदार गावचाच, कधी नात्यातला, कधी पुढाऱ्याच्या घरचा असतो. "दोन ओळी लिहून टाका, कोणाचे काय जाते?" असा आग्रह होतो. त्या वेळी वर दिलेले ८,००० आणि १०,००० हेक्टरांचे गणित चावडीवर मांडून दाखवावे. बारा हजार पाचशेचे दहा हजार कसे झाले, हे एकदा लोकांच्या ध्यानात आले की आग्रह करणाराच एकटा पडतो.

२०२४ पर्यंत गारपीट, पुराचे पाणी साचणे, काढणीनंतर पसरलेले पीक भिजणे अशा स्थानिक आपत्तींत ७२ तासांच्या आत सूचना देऊन एकेका शेतकऱ्याने भरपाई मागण्याची सोय महाराष्ट्रात होती. अशा दाव्यांची पाहणी करताना सूचनेची तारीख, त्या मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद व शेताचा उंचसखलपणा ही एकमेकांशी ताडून पाहत. पाऊसच न पडलेल्या दिवशी शेत बुडाल्याची सूचना दिली, तर तिचा उलगडा कसा करणार? २०२५ च्या खरीपात राज्याने या बाबी वगळून पीक कापणी प्रयोगांवर आधारलेली भरपाई तेवढी ठेवली. त्यामुळे आता या प्रयोगांकडे सर्वांचेच डोळे लागले आहेत.

प्रयोगासाठी गट निवडताना यदृच्छा अंकांच्या तक्त्याचा उपयोग करतात. कोणाच्या पसंतीस वाव नसतो. निवडलेल्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून ठरविलेली पावले मोजून अनेक पिकांसाठी १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तुकडा खुंट्या व दोरी लावून आखतात. त्यातील पीक कापून, मळून, वजन करून नोंद होते. गावसमितीचे सभासद व विमा कंपनीचा प्रतिनिधी यांनी त्या वेळी हजर राहावे आणि नोंद मोबाईलवरून जागेवरच व्हावी, अशी अपेक्षा आहे. येथे लबाडी दोन्ही अंगांनी होऊ शकते. खुरटलेल्या पिकाकडे दोरी सरकविली की उत्पन्न खोटेच खाली येते. चांगल्या पट्ट्याकडे सरकविली की शेतकऱ्यांची हक्काची भरपाई बुडते. छायाचित्राची जागा निवडलेल्या गटाबाहेर निघणे, अनेक प्रयोगांत वजनाचे आकडे हुबेहूब सारखे येणे, शेजारच्या मंडळांशी काडीचाही मेळ न बसणे, या खुणांवरून कंपनी हरकत घेते आणि वाद राज्याच्या तांत्रिक समितीपुढे जातो. तेव्हा प्रयोगाच्या दिवशी गावातील चार जाणत्या शेतकऱ्यांनी बांधावर उभे राहावे आणि दोरी कोठे पडते, हे स्वतः पाहावे. पुढे वाद उपस्थित झाला तर त्यांचे साक्षीदार म्हणून मोल मोठे आहे.

जनावरांचा विमा

जनावरांच्या विम्यास विभागवार पद्धत लावता येत नाही. गाय मेली ती एकाच घरची. म्हणून तेथे चौकशी थेट त्या जनावराच्या देहाशी येऊन पोहोचते. कानातील बारा अंकी पिवळा बिल्ला ही पहिली ओळख. बिल्ला नाही तर दावा नाही, असाच नियम आहे. विमा न उतरविलेले जनावर मेल्यावर जिवंत जनावराचा बिल्ला त्याच्या कानात अडकविण्याचे प्रकार घडतात. परंतु जिवंतपणी पाडलेले छिद्र भरून येऊन त्याच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात. मेलेल्या कानात पाडलेले छिद्र तसे नसते, आणि शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्यास हा फरक दिसतो. विम्याच्या वेळी लिहिलेले वय दातांवरून पडताळता येते. गाईच्या कायमच्या दातांची पहिली जोडी सुमारे दोन वर्षांनी येते आणि चारही जोड्या चार ते पाच वर्षांत पुऱ्या होतात. नाकपुडीवरील रेषांचा ठसा तर माणसाच्या अंगठ्याप्रमाणे प्रत्येक जनावराचा वेगळा असतो. दुधाची किंमत फुगविली असल्यास दूध संस्थेची नोंदवही पुरेशी असते. विमा उतरविल्यापासून थोड्याच दिवसांत मृत्यू झाला तर चौकशी अधिक बारकाईने होते. बहुतेक पॉलिसींत पहिल्या १५ दिवसांत रोगाने आलेला मृत्यू धरलाच जात नाही.

चूक आणि लबाडी

चाळणी जितकी बारीक, तितके चांगले धान्यही तीत अडकण्याचा संभव असतो. आपल्याकडे सर्वांत अधिक घोटाळा तोंडी वाटणीमुळे होतो. सात-बारा तिघा भावांचा सामाईक, क्षेत्र तीन हेक्टर. प्रत्येक भाऊ आपल्या समजुतीप्रमाणे दीड दीड हेक्टरांचा विमा काढतो. बेरीज साडेचार हेक्टर होते आणि तिघेही लबाड ठरतात. कोणी पोटखराब्यासह सर्व क्षेत्र लिहितो. कोणाचे आधारवरील नाव व सात-बारावरील नाव जुळत नाही. कोणी पहिली पेरणी वाया गेल्यावर सोयाबीन मोडून दुसरे पीक घेतो आणि अर्ज तसाच राहतो. बटाईने जमीन करणाऱ्याजवळ लेखी करार नसतो. यांपैकी एकातही फसविण्याचा हेतू नाही. पण संगणकास हेतू कळत नाही, तो माणसानेच पाहावा लागतो.

हा भेद नीट राखणे महत्त्वाचे आहे, कारण परिणाम गंभीर आहेत. बनावट कागदपत्रांवर विमा काढणारास पाच वर्षे शासकीय योजनांच्या लाभापासून दूर ठेवण्याची तरतूद २०२५ च्या खरीपासाठी करण्यात आली. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीबद्दल सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

अर्ज संशयित ठरल्याचे कळताच शेतकऱ्याने अर्जाची पावती, सात-बारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद आणि बियाणे व विक्रीच्या पावत्या घेऊन तालुका कृषि कार्यालयात लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. १४४४७ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तेथे मिळणारा तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. तालुक्यात निकाल न लागल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे जाता येते. सामाईक खातेदारांनी मात्र तेथवर वेळ येऊ देऊ नये. हंगामापूर्वी सर्व भावांनी एकत्र बसावे, पोटखराबा वजा जाता लागवडीखालील क्षेत्र किती ते पाहावे, कोणी किती हेक्टर व कोणत्या पिकाचा विमा काढावयाचा ते एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात, आणि त्या कागदाची प्रत अर्जासोबत केंद्रावर द्यावी.